चार किलो साखर आणि एक गाऱ्हाणं

माणूस काय बोलतो यावर मी फारसा जात नाही. दुकानातून काय नेतो ते बघतो. रामनगरहून जोयड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या वाडीच्या तोंडाशी माझं किराणा दुकान आहे. वीस वर्षं तराजूमागं उभा आहे, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय ते मला शेजाऱ्याच्या आधी कळतं. ओवा नेला की पोट बिघडलंय, पार्लेचे दोन पुडे नेले की पाहुणे आलेत, अगरबत्तीचा मोठा पुडा नेला की पोराचा निकाल लागायचाय.

तेव्हा पुंडलिक मामा आठवड्याला चार किलो साखर न्यायला लागले, तेव्हाच मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. गिऱ्हाईक नेतंय, आपण कशाला तोंड उघडायचं?

विचारायला हवं होतं, कारण मामांना बारा वर्षांची शुगर. ही गोष्ट अख्ख्या वाडीला ठाऊक होती, कारण मामा बिनसाखरेचा चहा असा चेहरा करून प्यायचे की जणू आम्हा सगळ्यांच्या वतीनं पितायत. आणि मामा म्हणजे वाडीतले साधे गृहस्थ नव्हेत. आमचं गाऱ्हाणं तेच घालतात.

मार्गशीर्षातल्या जत्रेला गावदेवीपुढं नारळ ठेवायचा, सगळ्या देवांना आणि शिवेवरच्या राखणदारांना नावानं हाका मारायच्या, आणि मग वाडीतल्या एकतीस घरांचं एकेक नाव घेऊन त्या घरासाठी मागणं मागायचं. कुणाच्या म्हशीला दूध, कुणाच्या पोरीला स्थळ, कुणाच्या भाताला डुकरांपासून राखण. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. हे सगळं तोंडपाठ. कागदावर उतरवायचं नाही. आणि जत्रेआधी एका जागी उभं राहून म्हणायचंही नाही, कारण हाक ऐकून देव यायचे आणि नारळ नाही बघून परत जायचे. सराव करायचा तर चालता चालता. चालणाऱ्या माणसाची हाक देव मनावर घेत नाहीत, असं आमच्याकडं धरतात. म्हणून मामा रोज सकाळी दुकानापासून शिवेच्या दगडापर्यंत आणि परत, पुटपुटत चालायचे. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारा कुणाला तरी शिव्या देत चाललाय.

मामांच्या आधी त्यांचे वडील गाऱ्हाणं घालायचे. त्यांनी शेवटची चार वर्षं ओट्यावर बसून काढली. पोटच्या पोरालाच विचारायचे, "कोनच्या गावचं म्हनायचं, पावनं?" मामा रोज उत्तर द्यायचे, "हितलाच की, आबा." आबा रोज खूश व्हायचे.

आणि गेल्या वर्षी मामांनी तीस घरं घेतली. एकतिसावं राहिलं. नारळ फुटला, प्रसाद वाटला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्याचं घर राहिलं त्याच्या मात्र आलं. ते घर माझं.

मी बोललो नाही. पण त्या वर्षात माझा फ्रीज दोनदा बसला, उंदरांनी पोह्यांचं पोतं फोडलं, आणि माझ्या पाठीत उसण भरली ती आठ दिवस गेली नाही. प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात ते मामांच्या नावावर टाकलं. मामांनाही कळलं असणार, कारण त्या दिवसापासून ते दुकानात आले की माझ्याकडं न बघता तेलाच्या डब्यांकडं बघून बोलायचे.

भाद्रपदात शाळेत आरोग्य शिबिर झालं. बोलायला सुप्रिया आली होती. मंगल मामींच्या भावाची मुलगी, खानापूरची. धारवाडला प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते. मी तिला म्हटलं, लागतील तेवढे माझ्या दुकानातनं ने, पोह्यांवर पोसलेले आहेत.

सुप्रियानं पिशवीतून एक कोनफळ काढलं. आमच्या भागात कोनफळाला कोण नाही म्हणणार? सगळे सरसावून बसले. तिनं त्याचे दोन तुकडे केले, एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा कोकमाच्या आंबट पाण्यात टाकला, आणि बोलायला लागली.

"आपण श्वास घेतो, त्यातला ऑक्सिजन वापरून शरीर ताकद बनवतं. चुलीत लाकूड जळताना ठिणग्या उडतात ना, तशा आतही उडतात. त्या विझवायची सोय शरीरातच असते. पण ठिणग्या जास्त झाल्या आणि विझवणारे कमी पडले, की आतल्या आत भाजायला लागतं. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात."

मग म्हणाली, मेंदू वजनाला शरीराच्या पन्नासावा हिस्सा, पण ऑक्सिजन पाचवा हिस्सा खातो, म्हणून त्याला ही झळ लवकर लागते. विसरण्याच्या आजारात, हात थरथरण्याच्या आजारात, शुगरमध्ये, हृदयाच्या दुखण्यात ही झळ सापडते. ती आजाराचं कारण किती आणि आजारामुळं किती, ते अजून शोधतायत. बिडी, चुलीचा धूर, वाढलेली साखर, अपुरी झोप यांनी ठिणग्या वाढतात. विझवणाऱ्या म्हणून गोळ्या विकतात, त्या खाऊन विसरणं थांबलंय असं काही दिसलेलं नाही.

इतकं सगळं ती बोलली. पण तोवर ताटलीतला तुकडा तपकिरी पडला होता, आणि पाण्यातला तुकडा जसाच्या तसा. सगळी शाळा ते बघत होती. दुसऱ्या दिवसापासून वाडीत ज्याला जे सोयीचं ते ज्यानं त्यानं उचललं. माझ्या बायकोनं, सोनालीनं, चुलीच्या धुराचा मुद्दा धरून गॅसचा दुसरा सिलिंडर मागून घेतला. मामांचा चुलतभाऊ कृष्णा झोपेचा मुद्दा धरून दुपारचाही झोपायला लागला. आणि पुंडलिक मामांनी कोकमाचं पाणी धरलं.

त्यानंतरच साखर सुरू झाली. आणि मामांचं चालणं बंद झालं. सकाळी दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायचे, तोंड मिटून. बिडी मात्र चालू होती. ती मीच विकत होतो, म्हणून तिच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

"मामा, शिवेकडं न्हाई गेलासा?"

"न्हाई." मामा डब्यांकडं बघत म्हणाले. "वाचवाय लागलोय."

काय वाचवताय ते मी विचारलं नाही. आणि साखर बांधून दिली.

दसऱ्यानंतरच्या एका बाजारच्या दिवशी मंगल मामी दुकानात आल्या. मामी म्हणजे मोजून बोलणारी बाई. त्या दिवशी काही न घेता उभ्या राहिल्या.

"प्रवीण, तुझ्या मामांचं काय खरं न्हाई बघ."

"का वो? काय झालं?"

"काल दुधाची बादली हिरीवर ठिऊन आले आनि मलाच विचारत्यात, आज म्हशीनं दूध दिलं न्हाई काय? परवा मला हाक मारत हुते. अगं, अगं, अगं करत दारात उभे. नाव आठवंना. चाळीस वर्सं घेतलंय नाव." मामींनी पदरानं ओठ पुसले. "मामंजींचं असंच सुरू झालं हुतं. आधी बादली. मग मानसं."

मी म्हटलं, वय झालं की होतं थोडंफार.

"तुजंबी झालंय की वय. तू गुळाचे पैसे कवा विसरलास?" मामी म्हणाल्या. "दिवसभर पानी पानी करत्यात. रात्री चारदा उठत्यात. जत्रेत गाऱ्हाणं घालता आलं न्हाई तर हे जगायचे न्हाईत बघ. वरनं हसतील, पर जगायचे न्हाईत."

एवढ्यात डिग्गीहून येणारी बस थांबली आणि नागू उतरला. डिग्गीच्या रानातला शेतकरी, खांद्यावर पोतं. आमच्याकडं जंगलातली कोकमं सुकवून त्यांची सोलं आणून देतो. दुकानात येऊन म्हणाला, "पुंडलिक मामांगेलीं सोलां. तिसरें पोतें हें."

मामींनी पोत्याकडं बघितलं, मग नागूकडं. "कसली सोलं? माज्या घरात आमटीला चार सोलं हायत."

आता माझी पाळी होती. माणसाच्या मनात दोन आकडे वेगवेगळे पडलेले असतात आणि एकदम शेजारी येऊन बसतात. चार किलो साखर आणि तीन पोती कोकम. मी तराजू खाली ठेवला.

"मामी, मामा साखर कुठं ठेवतात?"

"कसली साखर? आमच्या घरात साखर येतच न्हाई."

आधीची दोन पोती मामांनी गोठ्यात टाकायला लावली होती, असं नागू म्हणाला. गोठ्यात आम्ही तिघं एकदमच शिरलो. मामा वैरणीच्या मागं पाटावर बसले होते. पुढं पितळी घागर, हातात तांब्या, मिशीला लाल रंग. चेहऱ्यावर अशी शांती की व्यत्यय आणायला जिवावर यावं. म्हैस शेजारी उभी राहून बघत होती. तिला सगळं माहीत असणार, पण तिच्या दुधाच्या बादलीचं काय झालं ते तरी तिनं कुठं सांगितलं होतं?

नागूनं घागरीत बोट बुडवून चाटलं आणि दचकला. "मामा! सोलांत साकर कित्याक? आमी मीठ घालतांव!"

"आंबट लागतंय लेका," मामा म्हणाले. "दिवसाला पंधरा तांबे प्यायचं म्हंजे कायतरी गोड नको?"

"अवो, तुमाला शुगर हाय!" मामी ओरडल्या.

"डाक्टरनं चहातली साखर बंद सांगितलीया. मी थेंबभर घेतो का चहात? सांग तूच. सरबताचं त्यानं नाव काढलं न्हाई." मामांनी तांब्या वर धरला. "आनि ही साखर पार इरघळलीया. दिसती का कुठं?"

"आणि चालणं का बंद केलं?" मी विचारलं.

मामा माझ्याकडं पहिल्यांदाच, वर्षभरात पहिल्यांदाच, सरळ बघून बोलले. "सुप्री म्हनली न्हाई का? श्वास घेतला की ठिणग्या. जास्त चाललो की जास्त श्वास, जास्त ठिणग्या. आनि मेंदू तर सगळ्यात जास्त खातोय. मग गाऱ्हाणं रोज म्हनून कशाला जाळायचं? ठिवलंय आत बांधून. जत्रेला एकदाच काढीन, कोरं करकरीत."

माझ्या धंद्यातल्या माणसाला या हिशोबाचं कौतुकच वाटलं. चूक एकच होती, सगळाच उलटा होता.

मामी पुढं झाल्या. घागर उचलली आणि उकिरड्यावर ओतली. मग मोबाइल काढून भाचीला लावला.

सुप्रिया रविवारी आली. येताना रक्त तपासायचं छोटं यंत्र घेऊन आली. मामांचं बोट टोचलं, थेंब लावला, आणि पडद्यावरचा आकडा बघून खुर्चीतच मागं टेकली.

"तीनशे शहाऐंशी. मामा, एवढ्यात तर तिघांची शुगर भागते."

"कोकमाचा काय दोष हाय त्यात?"

"कोकमाचा नाही. कोकमात चांगलं असतंच, पण कोनफळाच्या तुकड्याला आंबट पाण्यात बुडवता येतं, तुमच्या मेंदूला नाही येत. आणि वाढलेली साखरच ठिणग्या वाढवते. तुम्ही आग विझवायला रॉकेल ओतत होता, मामा. तेही आठवड्याला चार किलो." असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. तेलाचे डबे तिथं नव्हते.

"आनि चालायचं?"

"चाललं की ठिणग्या उडतात, खरंय. पण त्या थोड्या ठिणग्यांनीच विझवणाऱ्यांना काम लागतं, ते तयार राहतात. बसून राहिलं की तेही झोपतात. कृष्णा काकांसारखे."

मामा हसले. मग हसणं तसंच राहिलं आणि डोळे वेगळे झाले. "सुप्रे, खरं सांग. आबांसारखं हुतंय का माजं?"

मामी चुलीपाशी होत्या. त्यांचं उलथणं हलायचं थांबलं.

सुप्रियानं यंत्र पिशवीत ठेवलं. "आज नाही सांगता येत, मामा. एवढी साखर असली की कुणाचंही डोकं धुक्यात जातं. तुमची ती शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्यात बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यानंही विसरायला होतं. ते तपासू. हे दोन्ही सुधारता येतं. ते सुधारल्यावर जे उरेल ते बघू. उरणारच नाही असं मी म्हणणार नाही."

"बरं," मामा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं."

बी-ट्वेल्व्ह कमीच निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं लावली, गोळ्या बदलल्या. बिडी दिवसाला बारावरून तीनवर आली, आणि त्या तीन विकताना माझा हात जड व्हायला लागला, इतपत माझी सुधारणा झाली. साखर बंद. मामी पाव किलो मीठ जास्त न्यायला लागल्या, आणि मामा दुपारी एक तांब्या खारट सोलकढी घेऊन त्यावर समाधान मानायला लागले.

आणि सकाळचं चालणं पुन्हा सुरू झालं. पण आता मामा एकटे नसायचे. भातकापणीचे दिवस, घरात कामाचा डोंगर, तरी मामी चार पावलं मागून चालायच्या. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "बादली कुठं ठेवत्यात ते बघायला." मामा पुढं पुटपुटत, मामी मागं गप्प. शिवेच्या दगडापर्यंत आणि परत. दोन महिने. रोज दुकानासमोरून जाताना मी कान देऊन ऐकायचो, की माझं घर यादीत आलं की नाही. पण नेमक्या त्याच वेळी एखादा ट्रक जायचा.

जत्रा आली. सकाळी दहाला ऊन देवळाच्या पायरीवर आलं, सगळी वाडी जमली, पुरुष पुढं, बायका मागं. कृष्णा पहिल्या रांगेत. मामांचं अडलं तर गाऱ्हाणं त्याच्याकडं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यानं त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं, आणि मी तो कप्प्यातला वास ओळखतो, डांबरगोळ्या माझ्याच दुकानातल्या.

मामांनी नारळ ठेवला. डोळे मिटले. हात जोडले.

"बा देवा, गावच्या मालका, शिवेच्या राखनदारा..."

"व्हय महाराजा!"

आणि सुटले की! एकेक देव, एकेक दगड, एकेक झाड, सगळे हजर. मग घरं सुरू झाली. कृष्णाच्या घरी मागणं मागितलं, "त्येला दुपारचं जागं ठेव रे महाराजा." "व्हय महाराजा!" म्हणताना सगळ्यात मोठा आवाज कृष्णाच्या बायकोचा. मध्येच मामांना काय सुचलं कुणास ठाऊक, आबांनी कधी म्हटलं नव्हतं असं एक मागणं त्यांनी घातलं:

"आनि ही जी ठिणग्यांची पीडा हाय, ऑक्सिडेटिव्ह का काय म्हनत्यात ती, मेंदूला भाजती, शुगरवाल्याला छळती, ती ह्या वाडीच्या शिवेभायर ठेव रे महाराजा!"

क्षणभर कुणाला कळेना. मग नागू, जो फक्त जेवायला आला होता, तो ओरडला, "व्हय महाराजा!" आणि मागोमाग सगळे.

मी मोजत होतो. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस.

"आनि दुकानवाला प्रवीण, त्येच्या घरात बरकत दे, उंदीर घालव रे महाराजा."

"व्हय महाराजा!" माझा आवाज फाटला.

"पुन्ना प्रवीणचं घर," मामा म्हणाले. "गेल्या वर्साचं ऱ्हायलं हुतं. त्येची पाट बरी कर रे महाराजा."

लोक हसले. मी हसलो नाही. उसण भरल्याचं मी मामांना कधी सांगितलं नव्हतं, पण सोनालीनं मामींना सांगितलं असणार, आणि मामांच्या ते लक्षात राहिलं होतं. फ्रीज, पोहे, सगळं मी तिथल्या तिथं मामांच्या नावावरून उतरवून टाकलं.

तीस झाली. एक उरलं. मामा थांबले.

ओठ हलले, आवाज नाही. डोळे उघडले आणि ते समोरच्या चेहऱ्यांवरून फिरायला लागले, एकेक घर तपासत, हे झालं, ते झालं, तेही झालं. कृष्णानं घसा साफ केला. मला कळलं कुठलं राहिलंय ते, पण तोंड उघडवेना. गाऱ्हाण्यात मधे बोलायची रीत नाही. मामांच्या कपाळावर घाम आला. ते ओट्यावरचे आबा त्यांना दिसत असणार, शप्पथ सांगतो.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. उंच नाही, घाबरलेला नाही. दूध घालणाऱ्याला किती लिटर ते सांगावं तसा.

"आनि पुंडलिक मंगलचं घर. त्येंच्या घरात मानसाला मानूस वळखीचं ठेव रे महाराजा."

बाईनं गाऱ्हाण्यात मागणं घातल्याचं आमच्या वाडीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मामा मागं वळले. मामींकडं बघितलं. आणि स्वतःच मोठ्यांदा म्हणाले,

"व्हय महाराजा!"

मग जो आवाज उठला, तो शिवेच्या दगडापर्यंत गेला असेल. नारळ फुटला.

प्रसाद वाटताना कृष्णा मामांपाशी आला. "दादा, पुढच्या वर्साचं कसं करायचं म्हनतोस? मी हाय म्हनून म्हनलं."

"मला काय इचारतोस?" मामांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "मंगलला इचार. दोन महिनं माज्या मागनं फुकट चालली का ती?"

मामी बायकांना गूळ वाटत होत्या. मामांची पाळी आली तेव्हा गुळाचा हात आखडला, खोबरंच दिलं नुसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून तराजू पुसत होतो. दोघं आले. आता पुढं-मागं नाही, शेजारी शेजारी. मामा एक नाव घ्यायचे, मामी हळूच "व्हय" म्हणायच्या. कुठं मामा अडले की नाव मामी घ्यायच्या आणि "व्हय" मामा म्हणायचे. कुणाचं काय आणि किती, ते मला सांगता आलं नसतं. असा हिशोब मला लागत नाही.

दुकानासमोर आले तसा मी तराजू हातात धरून थांबलो. जोयड्याकडून ट्रक येत होता. मी त्याला हात करून थांबवला, उगीचच, काही विचारायचं नाटक करत.

माझं घर आलं. कुणी घेतलं ते नीट कळलं नाही, पण आलं.